घाटात धाप लागणारी मारुती ८००: कॉम्प्रेशनचे आकडे कसे वाचावेत?

रामबागकर, इंदूर

नमस्कार. आमच्याकडे १९९८ सालची मारुती ८०० आहे. तीन सिलिंडरचे ७९६ सीसीचे इंजिन, कार्ब्युरेटर, चार गिअर आणि एमपी ०९ पासिंग. मधली काही वर्षे ती एलपीजीवर चालली. नंतर किट काढून टाकले आणि आता ती केवळ पेट्रोलवर चालते. शहरात, म्हणजे रामबाग ते पलासिया एवढ्या सपाट रस्त्यावर, तिची विशेष तक्रार नाही. परंतु ओंकारेश्वरहून परत येताना बडवाहच्या पुढे भेरूघाट लागला की तिला धाप लागते. पूर्वी जे चढ ती तिसऱ्या गिअरमध्ये सहज चढत असे, तेथे आता दुसरा टाकावा लागतो, आणि घाट जसजसा वर सरकतो तसतसा तिचा उरलेला जोरही कमी होत जातो. सिमरोलच्या पुढे सपाटी लागली की थोड्या वेळात ती पुन्हा बरी वाटू लागते. आयडलिंगला एक सूक्ष्म पण नियमित धक्का जाणवतो. निळा धूर नाही, ऑइलची पातळी फारशी घटत नाही, रेडिएटरचे पाणीही कमी होत नाही.

एका गॅरेजात दाखवल्यावर तेथील मिस्त्रींनी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, तपासून "रिंगा गेल्या, इंजिन उतरवून बोअर करावे लागेल", म्हणजे पिस्टनवरच्या रिंगा झिजल्या असून सिलिंडर आतून कापून मोठे करावे लागतील, असे सांगितले. त्यांनी दिलेले आकडे पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरसाठी अनुक्रमे ७.८, ५.२ आणि ७.५ किलो (प्रति चौरस सेंटिमीटर) असे आहेत. तपासणीच्या वेळी गाडी रात्रभर उभी असलेली, म्हणजे थंड होती. एका वेळी एकच प्लग काढला होता आणि एक्सिलेटर कोणी दाबलेला नव्हता. हे आकडे खरे मानून इंजिन उघडावे का, की तपासणी पुन्हा करून घ्यावी? आणि पुन्हा करायची झाल्यास ती नेमकी कशी करावी, म्हणजे दोष रिंगांत आहे की सिलिंडरमध्ये हवा घेणाऱ्या आणि धूर सोडणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये, हे इंजिन न उघडता कळू शकेल?

निवृत्त_यंत्रशिक्षक

आपण तपासणीची परिस्थिती लिहिली, हे फार चांगले केले, कारण त्यावरूनच स्पष्ट होते की हे तीन आकडे इंजिनाच्या प्रकृतीबद्दल फारसे काही सांगत नाहीत. एक्सिलेटर न दाबता सेल्फ मारला तर थ्रॉटलची चकती जवळजवळ बंद असते, सिलिंडरमध्ये पुरेशी हवाच शिरत नाही, आणि जी हवा आत गेलीच नाही ती दाबली जाण्याचा प्रश्न येत नाही. त्यामुळे तिन्ही आकडे खाली आले. त्यात बाकीचे दोन प्लग जागेवर असल्याने सेल्फला त्या दोन सिलिंडरांचा दाबही ओढावा लागला, इंजिन सावकाश फिरले आणि आकडे आणखी घसरले. मात्र या सदोष तपासणीतही एक गोष्ट उरते: दुसरा सिलिंडर आपल्या दोन्ही शेजाऱ्यांपेक्षा बराच मागे आहे. तीनही सिलिंडरांशी सारखाच अन्याय झालेला असताना एकच जर एवढा मागे राहिला, तर दोष बहुधा तेथेच असावा. आणि रिंगा केवळ मधल्याच सिलिंडरच्या झिजाव्यात, हे अशक्य नसले तरी सहसा घडत नाही.

तपासणी पुन्हा करावी, ती अशी. बॅटरी पूर्ण चार्ज केलेली असावी. गाडी नेहमीच्या तापमानापर्यंत गरम करून बंद करावी आणि पाच-दहा मिनिटे थांबावे. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, ॲल्युमिनियमचे आहे. ते चटका बसेल इतके गरम असताना प्लग जोर लावून काढले तर हेडमधले आटे प्लगबरोबर बाहेर येतात आणि कॉम्प्रेशनपेक्षा मोठे काम उभे राहते. प्लग काढण्यापूर्वी त्यांच्या भोवतीची धूळ हवेने उडवून द्यावी, नाहीतर खडा आत पडून व्हॉल्व्ह ज्यावर टेकतो त्या सीटवर बसतो आणि आपणच नवा दोष निर्माण करतो. त्यानंतर तिन्ही प्लग काढावेत. कॉइलला येणारी बारीक वायर सोडवावी. प्लगच्या जाड वायरी नुसत्या लोंबकळत ठेवून सेल्फ मारू नये, कारण इलेक्ट्रॉनिक इग्निशन असल्यास त्याचे मॉड्यूल जळू शकते, आणि प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असताना उघडी ठिणगी उडणे केव्हाही धोक्याचेच. चोक पूर्ण उघडा असावा. एक्सिलेटर एकदाच तळापर्यंत दाबून तसाच धरून ठेवावा. तो पुन्हा पुन्हा दाबला तर कार्ब्युरेटरचा पंप प्रत्येक वेळी पेट्रोल फवारतो आणि सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन निघते.

गेज बसवून सेल्फ मारताना दोन आकडे लिहून घ्यावेत. पिस्टन पहिल्यांदा वर आल्यावर काटा जेथे पोहोचतो तो पहिला, आणि पाच-सहा फेऱ्यांनंतर काटा जेथे थांबतो तो शेवटचा. बहुतेक गॅरेजांत केवळ शेवटचा आकडा पाहिला जातो, पण माझ्या मते पहिला आकडा तितकाच बोलका असतो. निरोगी सिलिंडर पहिल्याच झटक्यात जवळजवळ निम्मा दाब दाखवतो आणि पुढच्या दोन-तीन झटक्यांत पूर्ण करतो. झिजलेल्या रिंगांचा सिलिंडर कमी दाबापासून सुरुवात करून दर झटक्याला थोडा थोडा वर चढत राहतो. गळक्या व्हॉल्व्हचा सिलिंडर खाली सुरू होतो आणि खालीच अडकतो, त्याला कितीही फिरवले तरी.

आता आकडा किती असावा, याविषयी. नेमकी किमान मर्यादा आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावी. परंतु अशा जुन्या पेट्रोल इंजिनांत, ज्यांचे कॉम्प्रेशनचे प्रमाण (सिलिंडरमधली हवा किती पट लहान जागेत दाबली जाते ते) नऊच्या आसपास असते, चांगल्या स्थितीत ११ ते १३ किलो मिळणे स्वाभाविक मानले जाते. येथे इंदूरकरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपले शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे आणि येथील हवेचा दाब सुमारे सहा टक्क्यांनी कमी असतो. मुंबईत जे इंजिन १२ किलो दाखवेल, तेच येथे सव्वाअकराच्या आसपास दाखवेल आणि त्यात त्याचा काहीही दोष नसेल. म्हणून एकट्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधील आपसातला फरक महत्त्वाचा. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांत एक किलोच्या आत फरक असेल तर निश्चिंत राहावे. कमी असलेला आकडा जास्तीच्या तीन चतुर्थांशाहूनही खाली गेला, तर घाटातच काय, सपाटीवरही ते जाणवते.

पाना_पक्कड

वरच्या उत्तराला गेजबद्दल थोडी पुस्ती जोडतो, कारण तपासणी शास्त्रशुद्ध झाली तरी हत्यार चुकीचे असेल तर सगळे व्यर्थ. रबराचे टोक हाताने दाबून धरायचे गेज टाळावे; थोडा हात सैल झाला की एक-दीड किलो हवा निघून जाते, आणि हात प्रत्येक सिलिंडरला सारखाच घट्ट राहत नाही. १४ मिलिमीटरच्या आट्यांचे, प्लगच्या जागी फिरवून बसवायचे गेज घ्यावे. सियागंजात हत्यारांच्या दुकानांत विचारल्यास मिळेल.

घेताना नळीच्या प्लगकडील टोकात एकेरी व्हॉल्व्ह आहे ना, हे पाहावे. हा व्हॉल्व्ह टोकाऐवजी वर गेजजवळ असेल तर संपूर्ण नळीची पोकळी ज्वलनकक्षात मिळवली जाते. मोठ्या इंजिनात ते खपून जाते. आपल्या ८०० मध्ये मात्र एका सिलिंडरचा ज्वलनकक्षच मुळात सुमारे ३३ सीसीचा. त्यात नळीचे चार-पाच सीसी मिसळले की आकडा आपोआप पडतो. शिवाय या एकेरी व्हॉल्व्हची पिन खराब झाली म्हणून पुष्कळ ठिकाणी टायरच्या ट्यूबची पिन बसवलेली आढळते. दोन्ही सारख्याच दिसतात, पण ट्यूबच्या पिनेची स्प्रिंग कडक असते आणि तेवढा दाब ती स्वतःच अडवून ठेवते, म्हणजे गेज कायमच कमी दाखवत राहते.

कार्ब्युरेटरप्रेमी

माझे मत थोडे वेगळे आहे, आणि ते मांडतो ते वरील सरांविषयी पूर्ण आदर ठेवूनच. घाटात ताकद कमी पडणे हे लक्षण इतके व्यापक आहे की त्यासाठी थेट कॉम्प्रेशन गेज काढण्याआधी अर्ध्या तासात होणाऱ्या तीन-चार गोष्टी तपासाव्यात. क्लच घसरत असेल तर चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही. ही तर गेजशिवाय कानानेच कळणारी गोष्ट आहे. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवावे, म्हणजे ब्रेक धरून राहिला आहे का ते समजते. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूमच्या डबीतला पडदा फाटला असेल तर ती नळी तोंडाने ओढल्यावर दाब टिकत नाही. फिल्टर, पेट्रोल पंपाचा दाब, मेन जेटमधला कचरा हे सर्व आलेच.

आणखी एक उपकरण मी सुचवीन, ज्याला आपल्याकडे कोणी हात लावत नाही, ते म्हणजे व्हॅक्यूम गेज. इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे कार्ब्युरेटरकडून सिलिंडरांकडे जाणाऱ्या नळीला, जोडले की आयडलिंगला समुद्रसपाटीवर १७ ते २१ इंच पारा आणि इंदूरला त्याहून साधारण दोन इंच कमी, असा स्थिर काटा दिसायला हवा. एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर काटा ठरावीक अंतराने खाली झटका मारतो. सायलेन्सर आतून तुंबला असेल तर इंजिनाचा वेग वाढवून धरल्यावर काटा हळूहळू उतरत जातो. इंजिनातला एकही नटबोल्ट सैल न करता एवढी माहिती मिळते.

काही जण हल्ली प्रत्येक जुन्या गाडीच्या दुखण्याचे खापर २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर फोडतात. त्याने कार्ब्युरेटरच्या गाडीत मिश्रण थोडे पातळ होते आणि जुने रबर खराब होऊ शकते, हे खरे आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणजे अशा मिश्रणातली एकूण तूट सहा-सात टक्क्यांची. तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर आणणारी ती तूट नव्हे, आणि आयडलिंगच्या नियमित धक्क्याचे स्पष्टीकरण तर त्यात मुळीच नाही.

निवृत्त_यंत्रशिक्षक

कार्ब्युरेटरप्रेमी यांचा क्रम व्यवहाराला धरून आहे आणि व्हॅक्यूम गेजची त्यांनी आठवण करून दिली याचा आनंद वाटला. मात्र रामबागकरांच्या बाबतीत एका सिलिंडरचे मागे पडणे आधीच कागदावर आलेले आहे, आणि क्लच, ब्रेक किंवा सायलेन्सर यांपैकी काहीही एकट्या सिलिंडरला वेगळे पाडत नाही. म्हणून मी त्यांना गेजकडेच पुन्हा पाठवीन.

रिंगा की व्हॉल्व्ह हा आपला खरा प्रश्न होता. त्यासाठी कोरडी तपासणी झाल्यावर प्लगच्या भोकातून थोडे इंजिन ऑइल सोडून ओली तपासणी करतात. ऑइल रिंगांच्या फटी काही काळ भरून काढते. दाब वाढला तर गळती रिंगांतून आहे, वाढला नाही तर व्हॉल्व्हमधून किंवा हेडखालच्या गॅस्केटमधून. हा नियम सर्वांना पाठ असतो, पण छोट्या इंजिनात तो डोळे मिटून लावता येत नाही. ऑइल आपली जागा व्यापते. पाना_पक्कड यांनी सांगितलेल्या ३३ सीसीच्या कक्षात एक चहाचा चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर, ऑइल ओतले तर कक्ष २८ सीसीचा होतो आणि कॉम्प्रेशनचे प्रमाण नवावरून साडेदहाच्या जवळ जाते. म्हणजे रिंगा उत्तम असल्या तरी काटा भरपूर वर जाईल आणि मिस्त्री म्हणतील, "पाहा, वाढला, रिंगाच गेल्या." पुष्कळशी बोअरची कामे याच चमचाभर ऑइलावर ठरत असावीत, अशी मला शंका आहे.

म्हणून ऑइल सुई काढलेल्या सिरिंजने मोजून, अडीच मिलिलिटरच घ्यावे. तिन्ही सिलिंडरांत सारखेच सोडावे, मधल्या एकट्यात नव्हे. त्यानंतर प्रत्येकात किती टक्के वाढ झाली याची तुलना करावी. सर्वांत सारख्या प्रमाणात वाढ झाली तर ती ऑइलने व्यापलेल्या जागेची आहे. एखाद्यात इतरांहून ठळकपणे जास्त झाली तरच तेथे रिंगांचा संशय घ्यावा.

रामबागकर, इंदूर

सर्वांचे आभार. प्रथम कार्ब्युरेटरप्रेमी यांनी सांगितलेल्या गोष्टी पाहून घेतल्या. क्लच घसरत नाही, चाके मोकळी फिरतात, व्हॅक्यूमच्या डबीतला पडदा शाबूत आहे. व्हॅक्यूम गेज एका स्नेह्यांकडून मिळाले. काटा साडेसतराजवळ राहतो, पण ठरावीक तालात दोन-तीन इंच खाली झटका मारून परत येतो. वेग वाढवून धरल्यावर तो उतरत जात नाही, म्हणजे सायलेन्सर मोकळा असावा.

त्यानंतर आट्यांचे गेज घेऊन, गरम इंजिनावर, तिन्ही प्लग काढून आणि एक्सिलेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन पाहिले. कोरड्या तपासणीत पहिला सिलिंडर ११.२, दुसरा ७.६ आणि तिसरा ११.१ किलो. पहिल्या झटक्याचे आकडे अनुक्रमे ५.५, ३ आणि ५.५. दुसऱ्या सिलिंडरचा काटा चौथ्या झटक्यानंतर जागचा हलला नाही. प्रत्येकी अडीच मिलिलिटर ऑइल सोडल्यावर १२.४, ८.४ आणि १२.३ किलो मिळाले. टक्केवारी काढली तर तिन्हींत वाढ दहा-अकरा टक्क्यांचीच आहे. म्हणजे हा दोष व्हॉल्व्हचा समजावा का? आणि तसे असल्यास हेड उतरवण्याआधी आणखी काही करून पाहण्यासारखे आहे का?

निवृत्त_यंत्रशिक्षक

उत्तम काम केलेत. पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरचे कोरडे आकडे इंदूरच्या उंचीवर समाधानकारक आहेत, त्यामुळे संपूर्ण इंजिनाच्या बोअरची चर्चा येथेच संपवावी. टायमिंग बेल्ट एखादा दात सरकला असता तर तिन्ही सिलिंडर एकत्र खाली आले असते, तेही नाही. हेड गॅस्केट दोन सिलिंडरांच्या मधे जळले असते तर शेजारचे दोन एकत्र पडले असते, आणि येथे मधला पडला असून त्याचे दोन्ही शेजारी ताठ उभे आहेत. पाण्याच्या बाजूला गॅस्केट गेल्याचेही लक्षण आपण लिहिलेले नाही. राहिला व्हॉल्व्ह.

हेडला हात लावण्यापूर्वी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा रॉकर आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यामधली फट ठरवणारे स्क्रू, तपासावेत, आणि या गाडीत तर अवश्यच, कारण ती एलपीजीवर चाललेली आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह दर वेळी सीटवर आपटतो. शिशाच्या पेट्रोलच्या काळात त्या शिशाचा बारीक थर सीटवर बसून तो मार सोसत असे. शिशाचे पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद झाले, आणि ते योग्यच झाले. पण एलपीजी हे पेट्रोलहूनही कोरडे इंधन, त्यामुळे सीट हळूहळू झिजत जाते. सीट झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो, त्याची दांडी रॉकरच्या जवळ येते आणि टॅपेटची फट कमी होत होत शून्यावर येते. टॅपेट सैल झाला तर तो टकटक वाजून तक्रार तरी करतो. घट्ट झालेला टॅपेट मात्र अगदी शांत असतो आणि मालकाला वाटते, इंजिन किती सुरेख चालले आहे. फट शून्य झाल्यावर व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही, कॉम्प्रेशन निसटते, आणि तापलेला वायू त्या फटीतून सुटून व्हॉल्व्हची कड जाळू लागतो. घाटात सतत भार पडल्यावर व्हॉल्व्ह आणखी तापतो, त्याची दांडी लांबते आणि गळती वाढते. आपण वर्णन केलेले, घाट चढता चढता जोर घटत जाणे आणि सपाटीवर थोड्या वेळाने बरे वाटणे, याच्याशी हे तंतोतंत जुळते.

टॅपेट रात्रभर थंड झालेल्या इंजिनावरच पाहावेत. या ॲल्युमिनियम हेडच्या इंजिनात गरम असतानाची फट थंड फटीपेक्षा जास्त दिलेली असते, कारण हेड लोखंडी व्हॉल्व्हपेक्षा अधिक प्रसरण पावते. मॅन्युअलमधले दोन आकडे एकमेकांत मिसळले तर लावलेले सगळे टॅपेट पुन्हा चुकीचे. ज्या सिलिंडरचे टॅपेट पाहायचे तो कॉम्प्रेशनच्या फेरीत वरच्या टोकावर आणावा, तेथे दोन्ही रॉकर मोकळे हलतात. फट मोजायच्या फीलर गेजची पत्ती किंचित ओढ देत सरकली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून आवळल्यावर पत्ती पुन्हा घालून पाहावी.

पाना_पक्कड

टॅपेट उघडण्याआधी कॉम्प्रेसरची हवा लावून घेता आली तर शंका उरणार नाही. दुसरा सिलिंडर वरच्या टोकावर आणून प्लगच्या भोकातून हवा सोडायची आणि ऐकायचे. सायलेन्सरच्या तोंडाशी फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरात आली तर इनटेक, डिपस्टिकच्या नळीत आली तर रिंगा, आणि रेडिएटरात बुडबुडे आले तर गॅस्केट. डिपस्टिकच्या नळीतून थोडी हवा नव्या इंजिनातही येते, तिने घाबरू नये. एक सावधगिरी मात्र हवी: पिस्टन टोकापासून जरा जरी सरकलेला असेल तर हवेच्या दाबाने क्रँक एकदम फिरतो. पुलीवर पाना लावून तो हातात धरून ठेवण्याचा प्रकार मी पाहिलेला आहे. तसे अजिबात करू नये. गाडी चौथ्या गिअरमध्ये आणि हँडब्रेक ओढून ठेवावी, आणि हात-पाने दूर ठेवूनच हवा सोडावी.

रामबागकर, इंदूर

हवा लावली, आवाज स्पष्टपणे सायलेन्सरमधून आला, कार्ब्युरेटर शांत होता. थंड इंजिनावर टॅपेट उघडून पाहिले तेव्हा दुसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टला फट अजिबात नव्हती, सर्वांत बारीक पत्तीही शिरत नव्हती. पहिल्या आणि तिसऱ्याच्या एक्झॉस्टलाही फट मॅन्युअलपेक्षा कमीच होती, इनटेकच्या ठीक होत्या. सर्व टॅपेट थंड मापाने लावून, गाडी गरम करून पुन्हा पाहिले असता पहिला ११.३, दुसरा १०.१ आणि तिसरा ११.३ किलो आला. आयडलिंगचा धक्का जवळजवळ गेला आहे. भेरूघाटात फरक निश्चित जाणवतो. तिसरा गिअर बराच काळ टिकतो, मात्र पूर्वीइतका नाही. आता येथे थांबावे की हेड उतरवावे?

निवृत्त_यंत्रशिक्षक

फरक अद्याप एक किलोहून थोडा जास्त आहे, म्हणजे त्या व्हॉल्व्हच्या कडेला किंवा सीटला थोडे खड्डे पडलेले असणार. लगेच घाई करण्याचे कारण नाही. नेहमीप्रमाणे गाडी चालवावी आणि हजारेक किलोमीटरनंतर केवळ दुसऱ्याच्या एक्झॉस्टची फट थंड इंजिनावर पुन्हा मोजावी. ती कायम असेल आणि दाबही १० किलोवर टिकला असेल, तर शहरापुरती गाडी अशीच पुष्कळ दिवस चालेल, आणि आठवड्याच्या ओंकारेश्वर वारीचा आपला नेम नसेल तर मी स्वतः त्यावर पैसे घालणार नाही. फट पुन्हा कमी झालेली आढळली, तर सीट खचत चालली आहे. तेव्हा हेड उतरवण्यात दिरंगाई करू नये, कारण जळता व्हॉल्व्ह वेळ देत नाही.

कार्ब्युरेटरप्रेमी

टॅपेट बदलल्यावर आयडलिंग आणि इग्निशन टायमिंग पुन्हा पाहून घ्यावे. दुसरा सिलिंडर अशक्त असताना कोणीतरी आयडलिंगचा स्क्रू वाढवून ठेवलेला असण्याची शक्यता मोठी आहे, आणि आता तो तसाच राहिला तर इंजिन उगाच वेगात फिरत पेट्रोल खात राहील.

रामबागकर, इंदूर

आयडलिंग खरोखरच वाढवून ठेवलेले होते, ते खाली आणले. हेड उतरवण्याची वेळ आली तर गॅरेजला नेमके काय काम सांगावे, एवढे कृपया लिहावे, म्हणजे त्याच निमित्ताने पुन्हा "बोअरही करून टाकू" असे होणार नाही.

निवृत्त_यंत्रशिक्षक

सहाही व्हॉल्व्ह काढून तपासणे, दुसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बदलणे, सीट कापून लॅपिंग करणे (व्हॉल्व्ह सीटवर घासून घट्ट बसवणे), व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या गाईडमधला खेळ पाहणे, व्हॉल्व्हचे सील नवे घालणे आणि पट्टी लावून हेड सपाट आहे का हे मोजणे, एवढेच काम सांगावे. हेड वाकलेले असेल तरच फेसिंग करावे. उगाच घासून घेतलेले हेड कॉम्प्रेशन वाढवते आणि मग पेट्रोलला ठोका येतो. लॅपिंग झाल्यावर हेड उलटे ठेवून प्रत्येक कक्षात रॉकेल भरायला सांगावे आणि पाच मिनिटांत मॅनिफोल्डच्या बाजूने ओल दिसते का ते स्वतः पाहावे. हेड निघालेलेच आहे तर बोअर मोजून घ्यायला हरकत नाही, पण बोअर गेजने, वर-मध्ये-खाली आणि दोन दिशांना, आकडे कागदावर लिहून. बोटाने चाचपून नव्हे. ते आकडे मर्यादेच्या आत असतील तर पिस्टनला हात लावू देऊ नये. हेड बसवताना बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने, टप्प्याटप्प्याने आवळावेत, टायमिंग बेल्ट त्याच वेळी नवा घालावा, आणि गाडी पाचशे किलोमीटर चालल्यावर थंड इंजिनावर टॅपेट पुन्हा लावून तिन्ही सिलिंडरांचे आकडे घ्यावेत.